वजा केलेला धागा

मोहतळ्याच्या बंद पडलेल्या राईस मिलमध्ये 'जीवनकाशा केंद्र' थाटलं त्याला दोन वर्षं झाली होती, तरी भिंतींतून कोंड्याचा वास काही गेला नव्हता. डॉ. अबोली गहाणे रोज सकाळी आत शिरताना शिंकायची आणि डॉ. नझीर कुरेशी न चुकता म्हणायचे, "लागली हजेरी." त्या बुधवारीही ती शिंकली. पण नझीरभाईंनी मान वर केली नाही.

"इकडे या जरा," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "एक तर माझं गणित चुकलंय, नाही तर तुमच्या धाकट्या तलावावर भुतं राहतात."

अबोलीनं खुर्ची ओढली. पडद्यावर मोहतळा पसरला होता. टेकडीच्या उतारावर एकाखाली एक असे तीन तलाव, कोणे एके काळी कोहळी लोकांनी हातांनी खणलेले. थोरला, मधला आणि धाकटा. वरचा भरला की त्याचं पाणी खालच्यात, खालच्याचं त्याच्या खाली. वरच्या अंगाचा ओढा दुसरीकडे वळवल्यापासून मात्र तिघांना पुरेल एवढं पाणी राहिलं नव्हतं. नगरपालिकेनं सरळ ठरवून टाकलं होतं की एकच तलाव राखायचा आणि उरलेले दोन बुजवायचे. कोणता राखायचा ते जीवनकाशा, म्हणजे तिथल्या जीवांचा नकाशा, सांगणार होता. आराखड्याची बैठक शुक्रवारी होती.

थोरला यंदा आटून भेगाळला होता, म्हणून त्याचे नमुनेही कोणी घेतले नव्हते. तो जाणार हे गावानं धरूनच ठेवलं होतं. मधल्यात जलपर्णी सोडून काही दिसत नव्हतं. धाकटा मात्र पडद्यावर हिरव्या ठिपक्यांनी नुसता फुलला होता.

जीवनकाशाचं तत्त्व शाळेतल्या पोरालाही समजेल असं होतं. पाण्यात, चिखलात जो जीव वावरतो तो आपल्या अंगाचं काही ना काही मागे सोडतो. खवला, पीस, लाळ, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्या जीवाची ओळख सांगणारा अतिसूक्ष्म धागा असतो. ओंजळभर गाळ धागेवाचकात घातला की यंत्र सांगतं, इथे मरळ आहे, इथे कासव आहे, इथे देवधान, म्हणजे रानातला भात, उगवतो. पण धागा कायम टिकत नाही. ऊन, हवा आणि पाण्यातले जंतू त्याचे तुकडे पाडत राहतात. तुकडे जितके बारीक तितका धागा जुना. त्या तुकड्यांच्या लांबीवरून धागा किती दिवसांपूर्वी सुटला ते काढायचं सूत्र नझीरभाईंचं होतं. महिनाभराच्या आतला धागा म्हणजे जीव हजर, ठिपका हिरवा. त्याहून जुना तो राखाडी.

"हा बघा," नझीरभाईंनी धाकट्याच्या काठावर बोट ठेवलं. "सारस. ताजेपणा वीस दिवस."

"सारस?" अबोली पुढे वाकली. "नझीरभाई, अहो, या जिल्ह्यात पंधरा वर्षांत कोणी सारस पाहिलेला नाही."

"म्हणूनच भुतं म्हणालो. पण सारसासाठी नव्हतं बोलावलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. अवघड बोलायचं असलं की ते असंच करायचे. "तुम्हाला वजासूची ठाऊक आहे."

तिला न ठाऊक असायला काय झालं? वजासूची तिनंच केली होती. नमुने गोळा करणाऱ्यांच्या अंगचे धागेही नमुन्यात पडतात, म्हणून केंद्रातल्या प्रत्येकानं आपली लाळ आधीच यंत्राला दिली होती. यंत्र त्यांचे धागे ओळखून आपोआप वजा करायचं. इतर माणसांचे धागे कायद्यानंच वाचायचे नसत, तेही टाकून दिले जायचे. नकाशात माणूस म्हणून उरायचा नाही. सूचीत अबोली होती 'कामगार एक'.

"यंत्र एका धाग्यापाशी अडलंय," नझीरभाई म्हणाले. "तुमचा म्हणून वजा करावा तर पूर्ण तुमचा नाही. परका म्हणून टाकावा तर अर्धा तुमचा आहे. प्रत्येक ठिकाणी एक बाजू तुमची, एक दुसरीच. आणि माणूस पुरुष आहे."

"मला भाऊ नाही."

"भाऊ असता तर कुठे दोन्ही बाजू जुळल्या असत्या, कुठे एकही नाही. इतकं काटेकोर निम्मं फक्त आईबापांचं जुळतं, नाही तर पोटच्या लेकराचं."

तिचं लग्न झालेलं नव्हतं. आई घरी होती, जिवंत होती आणि बाई होती. उरला तो एकच माणूस. ती चार वर्षांची असताना तो घरातून गेला, त्याला एकतीस वर्षं झाली होती.

"ताजेपणा?" तिनं विचारलं.

"वीस दिवस," नझीरभाई म्हणाले.

---

हेमराज गहाणे मोहतळ्याचा पाणकर होता. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीला किती आणि कधी सोडायचं हे ठरवणारा माणूस. गाव त्याच्या शब्दाबाहेर नव्हतं. आणि एका अतिवृष्टीच्या दिवशी तो नाहीसा झाला. पहिले काही दिवस लोक हळहळले, मग बोलायला लागले. वीटभट्टीवरच्या कुठल्याशा बाईबरोबर रायपूरला गेला म्हणे. कोणी त्याला दुर्गच्या स्टेशनवर पाहिला, कोणी राजनांदगावला भाजी विकताना. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

अबोलीच्या आईनं यातलं काही खरं म्हटलं नाही, खोटंही म्हटलं नाही. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही. रोज दुपारी ती तीन ताटं वाढायची. एक आपलं, एक अबोलीचं, एक हेमराजचं. जेवणं झाली की तिसरं ताट गाईपुढे ठेवायची. अबोलीला लहानपणी त्या ताटाची भीती वाटायची, कॉलेजात असताना लाज वाटायची आणि अलीकडे नुसता राग यायचा. टाकून गेलेल्या माणसासाठी एकतीस वर्षं भात वाढणारी बाई तिला समजत नव्हती.

आणि आता यंत्र म्हणत होतं की तो माणूस इथेच कुठेतरी आहे. वीस दिवसांपूर्वी धाकट्याच्या काठावर आला होता. तिथे त्यानं पाय धुतले असतील, चूळ भरली असेल, आणि कोसभरावरच्या आपल्या घरी न येता परत गेला असेल.

ती दुपारी जेवायला घरी गेलीच नाही. धाकट्याच्या पाळीवर, त्याच्या मातीच्या बांधावर, जाऊन बसली. उन्हानं पाणी डोळ्यांत खुपत होतं. जवळून जाणाऱ्या साठीपलीकडच्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे ती बघत होती. एक सायकलवाला, एक बकऱ्या हाकणारा, एक कान कोरत उभा राहिलेला उपरा. तो उपरा तिच्याकडे बघून ओळखीचं हसला तेव्हा ती उठून उभी राहिली. पण तो विमा एजंट निघाला. बापाचा चेहरा आपल्याला आठवतच नाही हे तिला तिथे, भर उन्हात, पहिल्यांदा नीट कळलं. घरात त्याचा एकच फोटो होता आणि त्यात तो खाली बघत होता. त्याच्या कडेवर अबोली होती, लांब दोन वेण्या घातलेली. त्यानंतरचा फोटो बालवाडीतला. त्यात ती डोकं भादरलेली. उवा झाल्या होत्या, आई म्हणायची.

"अबोली? इथं काहून बसली व बाई, उन्हातानात?"

उरकुडा मारबते होता. हेमराजबरोबर तुडुमावर, म्हणजे खुट्या उपसून तलावाचं पाणी सोडायच्या मोरीवर, काम केलेला, आता सत्तरी ओलांडलेला. हेमराज गेल्यावर पाणकरकी त्याच्याकडे आली होती आणि वाटायला पाणी उरलं नाही तरी त्यानं ती सोडली नव्हती.

तिनं आडपडदा ठेवला नाही. "उरकुडाकाका, माझे बाबा इथे आले होते. वीस दिवसांपूर्वी. तुम्ही पाहिलंत त्यांना?"

म्हाताऱ्याच्या हातातली काठी खाली पडली. ती त्यानं उचलली नाही. "कोन सांगतलं तुले?"

"यंत्रानं. त्यांचे धागे सापडले इथल्या चिखलात. सारसाचेही सापडले."

उरकुडा हळूहळू तिच्या शेजारी बसला.

"सारस कुठला आता," तो म्हणाला. "सारस थोरल्यावर राहे. जोडी होती. तुह्ये बाबा होते तवा."

आणि बोलता बोलता त्यानं विचारलं, "वीस दिवस म्हणजे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ना?"

तिनं मनाशी मोजलं. हो, पाडव्याचा दुसरा दिवस. "का?"

"माती नेली होती म्या."

मोहतळ्यातली ही रीत अबोली लहानपणापासून पाहत आली होती आणि म्हणूनच तिच्या कधी डोक्यातही आली नाही. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पाणकरानं थोरल्याच्या तळातली ओली माती पाटीत भरायची आणि मधल्यात, धाकट्यात सोडायची. थोरला बाप, बाकीचे त्याची लेकरं. बापाचं लेकरांना पोचलं पाहिजे. त्या मातीतून देवधानाचं बी, शिंपले, माशांची अंडी खालच्या तलावांत जायची. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत चाळीस प्रश्न होते, पण हा नव्हता.

"पण थोरला तर आटलाय," ती म्हणाली. "ओली माती कुठली?"

"एकच जागा ओली होती. तुडुमापुढचा डोह. भरला होता चिखलानं. म्या खांदला, कंबरभर. खाली काळी माती लागली, लोन्यावानी." "यंदा थोरला बुजवतेत म्हनतेत. मंग म्हनलं, हेमराजले अंधारात काहून सोडू? थोडा तरी उजेडात आनू."

"अंधारात? बाबांना?" अबोलीनं विचारलं.

"तो कोठीच नाई गेला, पोरी," उरकुडा म्हणाला. "त्या दिवशी पाळ फुटाले आली होती. तुडुमाच्या खुट्या उपसाले तो खाली उतरला. मधली खुटी निंगाली अन् पान्यानं त्याले आत ओढलं. मांगून वरची दरड बसली. पाळ वाचली. गाव वाचलं."

"आणि एकतीस वर्षं तुम्ही गप्प राहिलात?"

त्यावर त्यानं तोंड फिरवलं. "मले इचारू नको," एवढंच तो म्हणाला.

---

"तर असं आहे," दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नझीरभाईंना सगळं सांगितलं. सांगताना ती रडली आणि त्याची तिला लाज वाटली नाही. "आपलं सूत्र मरण मोजत नाही. उजेड मोजतं. त्या डोहातल्या घट्ट काळ्या मातीत ऊन नाही, हवा नाही, धागा कुरतडणारे जंतू नाहीत. धागा तुटतच नाही. काका माती उघड्यावर आणतात आणि घड्याळ सुरू होतं."

नझीरभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अन् मी गाढव! सारसाचा आकडा वीस, कासवाचा वीस, मरळीचा वीस. इतके सगळे जीव एकाच दिवशी तलावावर येतात का कधी? जत्रा होती की काय?" मग तिचा चेहरा पाहून ते ओशाळले. "माफ करा."

म्हणजे धाकटा हिरवा नव्हताच. पडद्यावर फुललेला प्रत्येक ठिपका थोरल्याच्या तळातून पाटीत बसून आला होता. नकाशानं ज्यांना हजर धरलं ते सगळे केव्हाच गेले होते आणि गावानं त्यांच्यासाठी तलाव राखायचा बेत आखला होता.

सूत्र दुरुस्त करायचं तर मूळ माती हवी होती. दुपारपर्यंत जमिनीत भोक पाडणारी स्वयंचलित वेधणी थोरल्याच्या डोहात उतरली. तिनं तीन हात खोल नळी घातली, तोंड तिथेच बंद केलं आणि ती बंद नळी जशीच्या तशी धागेवाचकात गेली. माणसाचा हात कुठे लागला नाही. तशी दक्षता अबोलीनंच घ्यायला लावली होती.

निकाल आला तेव्हा नझीरभाई चहा आणायला गेले होते. तिनं एकटीनं वाचला. सारस, शून्य दिवस. देवधान, शून्य दिवस. अर्धी जुळणी, पुरुष, शून्य दिवस. आत्ता, या क्षणी सुटल्यासारखा अखंड धागा. तिनं पडद्यावर हात ठेवला. बापाला स्पर्श करायची तेवढीच सोय होती.

मग तिची नजर सगळ्यात खालच्या ओळीवर गेली. ही ओळ कोणी वाचत नसे. यंत्रानं कामगारांचं काय काय वजा केलं त्याची ती नोंद.

'कामगार एक. वजा केले. प्रमाण: अति जास्त. ताजेपणा: शून्य दिवस.'

आधी तिला वाटलं, आपलाच हात लागला असणार. पण नळी बंद होती. ती जन्मात कधी त्या डोहापाशी गेली नव्हती, आई तिला थोरल्याकडे फिरकूच द्यायची नाही. आणि हात लागला असता तर धागा नळीच्या तोंडाशी सापडला असता. हा तीन हात खाली होता. बापाच्या धाग्याच्या थरात, त्याच मुठीएवढ्या मातीत. यंत्रानं पुढे धाग्याचा उगमही नोंदला होता: केस, मुळासकट.

तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. लांब दोन वेण्यांचा फोटो आणि त्यानंतरचा भादरलेला फोटो. उवा झाल्या होत्या.

तिनं उरकुडाला फोन लावला. "काका, मी तिथे होते ना?"

"तुह्या मायनं गळ्याची शपत घातली होती," तो म्हणाला. "तू मांगं मांगं आली होती त्याच्या. पायरीवरून घसरली. तुही वेनी तुडुमाच्या भोकात ओढल्या गेली, थोडे केस मुळासकट उपटले. त्यानं ती वेनी हातात धरली, इळ्यानं कापली अन् तुले वर लोटलं. म्या तुले धरलं. त्याले धराले हातच उरला नाई." तो रडत होता. "तुले ताप भरला. उठली तवा तुले काहीच याद नव्हतं. माय म्हने, लोक म्हनतीन पोरीनं बापाले खाल्लं. जनमभर म्हनतीन. त्यापेक्षा तो पयून गेला म्हनू दे. मले टाकून गेला म्हनू दे."

तिनं फोन ठेवला. तीन ताटांचा अर्थ तिला आता लागत होता. आईनं वाट पाहिलीच नव्हती. नवरा कुठे आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं त्याचं तेरावं केलं नाही, श्राद्ध केलं नाही, टाकलेली बाई म्हणून गावानं केलेली कीव मुकाट्यानं पदरात घेतली. तिसरं ताट हेच त्याचं श्राद्ध होतं, रोजचं, लेकीच्या देखत आणि लेकीला न कळेल असं.

नझीरभाई चहा घेऊन आले. त्यांनी पडदा पाहिला, ती ओळ पाहिली, आणि पेले टेबलावर ठेवून चष्मा पुसायला लागले. तिनं थोडक्यात सांगितलं.

"अहवालात ही नोंद..." तिनं त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कामगारांचे धागे वजा करायचे, असा नियम आहे," नझीरभाई म्हणाले. "मी नियमाबाहेर जात नाही. तुम्हाला ठाऊक आहे माझा स्वभाव."

संध्याकाळपर्यंत दोघांनी नवा नकाशा तयार केला. धाकट्यावरचे हिरवे ठिपके एकेक करून राखाडी झाले. अबोलीनं आराखड्याच्या शिफारशीत लिहिलं की मोहतळ्याची जी काही संपदा शिल्लक आहे ती थोरल्याच्या तळात आहे, तिथल्या देवधानाचं बी कदाचित अजून रुजेल, म्हणून पाणी थोरल्याला द्यावं आणि धाकट्याचा मोह सोडावा. सारस परत येणार नाही हेही लिहिलं. आणि तुडुमापुढच्या डोहात मानवी अवशेष असल्यानं ते विधिपूर्वक काढेपर्यंत तिथे कोणी यंत्र लावू नये. नाव: हेमराज गहाणे, पाणकर. पाळ वाचवताना मृत्यू.

---

शुक्रवारी बैठक झाली आणि ती तडक घरी आली. आई ताटं वाढत होती. एक, दोन, तीन. भाताची वाफ निघत होती.

"आई," अबोली म्हणाली, "बाबा सापडले."

आईच्या हातातली पळी तिथेच थांबली.

"ते कुठे गेले नव्हते. थोरल्याच्या तुडुमात आहेत. पाळ वाचवताना गेले. गावाला आज सांगितलं मी, बैठकीत. सगळे उभे राहिले."

आईनं पळी खाली ठेवली. ती रडली नाही. तिनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत अशी काही भीती होती की अबोलीला वाटलं, आपण सगळं बोलून टाकू.

"एकलेच होते काय?" आईनं विचारलं.

एकतीस वर्षं त्या बाईनं हा प्रश्न आपल्या अंगावर धरून ठेवला होता. अबोलीनं नजर हलू दिली नाही.

"एकलेच होते, आई. यंत्रानं सगळी माती तपासली. दुसऱ्या कोणाचाच धागा नाही तिथे."

आईचा श्वास सुटला. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली बसून ती रडायला लागली, मोठ्यानं, काल नवरा गेलेल्या बाईसारखी. अबोली तिच्याजवळ बसली. भात निवून गेला.

बऱ्याच वेळानं आईनं डोळे पुसले आणि अबोलीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. तिची बोटं लेकीच्या केसांतून फिरत राहिली, सावकाश, उजवीकडून डावीकडे, आणि डाव्या कानाच्या वर, जिथली वेणी परत कधी तेवढी वाढली नाही, तिथे येऊन थांबली. अबोलीनं डोळे मिटून घेतले आणि झोप लागल्याचं सोंग केलं.